ताट आणि भिंत : शहर दाखवणाऱ्यांविषयी थोडं



आजचा विषय समीक्षेचा आहे, पण पुस्तकाच्या समीक्षेचा नाही. आपण कादंबरीवर बोलतो, नाटकावर बोलतो, सिनेमावर तर जरा जास्तच बोलतो. पण एखादं शहर पाहायला आलेल्या माणसाला कुणीतरी हाताला धरून दिवसभर फिरवतो, हे दाखवतो, ते टाळतो, मधेच काहीतरी खायला घालतो, आणि संध्याकाळी तो माणूस ‘मला हे शहर समजलं’ असं म्हणत घरी जातो. या प्रकाराची समीक्षा कुणी करत नाही. त्याचे फार तर तारे मोजतात. पाचपैकी साडेचार. का, तर गाईड हसतमुख होता आणि आइस्क्रीम चांगलं मिळालं. (हशा)

माझं म्हणणं असं की वाटाड्या हा समीक्षक असतो. त्याला ते माहीत असो वा नसो. समीक्षक काय करतो? हजार गोष्टींतून दहा निवडतो, त्या एका क्रमाने लावतो आणि त्यांच्यात काही संबंध आहे असं आपल्याला पटवतो. वाटाड्याही तेच करतो, फक्त पायांनी. म्हणून त्यालाही आपण तेच प्रश्न विचारायचे जे समीक्षकाला विचारतो. हेच का निवडलंस? ते का गाळलंस? आणि दोन गोष्टी शेजारीशेजारी ठेवल्यास, त्या नुसत्या शेजारी आहेत की त्यांचं काही नातं आहे?

आता या सगळ्याचा उगम कुठे, तर इटलीत. म्हणजे मी त्यालाच उगम मानतो. फ्लोरेन्स, सिएना, बोलोन्या, अशा शहरांत ‘एका दिवसात कला आणि चव’ नावाचा माल विकला जातो. सकाळी चित्रं, दुपारी जेवण, मग एक चर्च, मग वाइन. आपल्याकडे पुण्यामुंबईत ज्या वारसा-फेऱ्या निघतात, त्यांच्यातल्या बऱ्याच जणींचा साचा हाच आहे. आणि उद्या लोणार-मेहकर-सिंदखेडराजा अशी एक दिवसाची फेरी कुणी सुरू केली, तर ती याच साच्यातून निघणार. म्हणून चिखलीत बसून फ्लोरेन्सबद्दल बोलायचं. उगीच नाही.

फ्लोरेन्सच्या फेरीत साधारण काय होतं सांगतो. चौकात मायकेलअँजेलोचा डेव्हिड दाखवतात. ती नक्कल आहे. अस्सल पुतळा १८७३ पासून अकादमीत आत आहे. मग नदीवरचा जुना पूल. मग ‘आता भूक लागली असेल ना?’ असं म्हणून एका दुकानात. तिथे बिनमिठाचा पाव. त्याच्यावर गोष्ट सांगतात की पिसावाल्यांनी मीठ अडवलं आणि फ्लोरेन्सवाल्यांनी मानी बाण्यानं बिनमिठाचा पाव खायला सुरुवात केली. गोष्ट छान आहे. खरी असल्याचा पुरावा तितका छान नाही. पण माझी तक्रार गोष्टीबद्दल नाही. माझी तक्रार अशी की डेव्हिड आणि पाव यांच्यामध्ये काहीही नाही. पाव हे बक्षीस आहे. ‘तुम्ही दोन तास शिल्पं सहन केलीत, घ्या आता खा.’ शाळेत गणित झालं की खाऊ वाटायचे तसं. कला म्हणजे कष्ट आणि खाणं म्हणजे सुटका, हे त्या फेरीचं न बोललेलं मत आहे. आणि हे मत शहराच्या बाबतीत साफ चुकीचं आहे.

का, ते बघा. त्याच शहरात, त्या चौकापासून पाच मिनिटांवर, ऑरसानमिकेले नावाची इमारत आहे. नावातच ‘ओर्तो’ आहे, म्हणजे भाजीचा मळा. तिथे पूर्वी एका मठाचा मळा होता. मग १३३७ मध्ये तिथे धान्यबाजार बांधायला घेतला. खाली कमानींचा मोकळा बाजार, वर धान्याची कोठारं. पुढे खालच्या कमानी बंद करून त्याचं चर्च झालं, तरी वर धान्य होतंच. आजही आत गेलात की खांबाच्या अंगात एक भोक दिसतं. वरच्या कोठारातून धान्य खाली सोडायची ती नळी. चर्चच्या खांबातून गहू! म्हणजे आपल्या कृषी उत्पन्न बाजार समितीच्या शेडमध्ये गाभारा करावा आणि वरच्या मजल्यावर सोयाबीनची पोती असावीत, तसं.

आणि या धान्याच्या इमारतीच्या बाहेरच्या अंगाला चौदा कोनाडे आहेत. त्यांत पुतळे. कुणी बसवले? शहरातल्या श्रेण्यांनी, म्हणजे व्यापाऱ्यांच्या आणि कारागिरांच्या संघांनी. १४०६ मध्ये शहरानं हुकूम काढला की आपापला कोनाडा दहा वर्षांत भरा. मोठ्या, पैसेवाल्या श्रेण्यांनी ब्राँझचे पुतळे केले, ते फार महाग. बाकीच्यांनी संगमरवराचे. सावकारांच्या श्रेणीनं १४१९ मध्ये गिबर्तीशी करार केला, त्यात अट घातली की आमचा संत मॅथ्यू त्या कापडव्यापाऱ्यांच्या संत जॉनपेक्षा कमी उंच चालणार नाही, जमलं तर जास्तच पाहिजे. गणपती मंडळांना हे समजावून सांगायची गरज नाही. (हशा) चिलखत करणाऱ्यांचा संत जॉर्ज डोनातेलोनं केला. तागाच्या कापडवाल्यांचा संत मार्कही त्याचाच. आणि खाटकांच्या श्रेणीचाही कोनाडा आहे, त्यात संत पीटर.

खाटकांचा पुतळा धान्याच्या बाजारावर. आता सांगा, इथे कला कुठे संपते आणि जेवण कुठे सुरू होतं? या इमारतीपाशी उभं राहून वाटाड्यानं फक्त एवढं म्हणायचं असतं की हा पुतळा ज्यांनी केला ते सकाळी मांस विकत होते, आणि तो वरून येणारा गहू तुमच्या दुपारच्या पावात आहे. मग पाव बक्षीस राहत नाही. तो पुरावा होतो. माझी सगळी समीक्षा या एका फरकावर उभी आहे. फेरीतलं खाणं लाच आहे की पुरावा आहे?

फ्लोरेन्समध्ये याचं आणखी एक उदाहरण आहे आणि ते मला सोडवत नाही, म्हणून थोडा वेळ घेतो. ख्रिस्ताचं शेवटचं जेवण, हा विषय आपण लिओनार्डोच्या मिलानमधल्या चित्रामुळे ओळखतो, घरोघरी त्याची कॅलेंडरं असतात. पण ही चित्रं काढायचे कुठे? मठातल्या जेवणघराच्या भिंतीवर. फ्लोरेन्समध्ये अशी कितीतरी जेवणघरं आहेत. संत अपोलोनियाच्या मठात आंद्रेआ देल कास्तान्योनं १४४७ मध्ये काढलेलं आहे, ते बायकांचा मठ होता म्हणून एकोणिसाव्या शतकापर्यंत बाहेरच्या माणसाच्या नजरेस पडलंच नाही. ओन्यिसांतीमध्ये गिरलांदायोचं, १४८० चं, त्यात टेबलावर चेरी सांडलेल्या आहेत. म्हणजे मठातली मंडळी समोर आपला पाव मोडत असायची आणि भिंतीवर बारा जण त्यांचा. ताट आणि भिंत एकमेकांसमोर.

यातलंच एक, जवळपास सात मीटर लांब चित्र, प्लाउतिल्ला नेल्ली नावाच्या जोगिणीनं काढलं. साधारण १५६८ मध्ये, आपल्याच मठाच्या जेवणघरासाठी. तिच्या टेबलावर काय आहे बघा: कोकरू, सालाद, शेंगांचे दाणे, पाव, वाइन. पुरुष चित्रकारांच्या टेबलांवर कित्येकदा पाव-वाइन आणि उगाच एखादी बशी असते. हिच्या टेबलावर माणसं जेवतील असं वाटतं. आणि चित्रावर तिनं स्वतःचं नाव घालून लिहून ठेवलंय की चित्रकर्तीसाठी प्रार्थना करा. बराच काळ ते चित्र दुर्लक्षित पडलं होतं, दुरुस्ती होऊन २०१९ मध्ये लोकांसमोर आलं. ज्या फेरीचं नाव ‘कला आणि चव’ आहे, तिची सुरुवात या चित्रापासून व्हायला हवी की नको? पण रांग असते डेव्हिडसमोर.

इथे एक गंमत सांगून पुढे जातो. इटालियन जेवण म्हटलं की आपल्याला टोमॅटो आठवतो. टोमॅटो अमेरिकेतला. मेदिची घराण्याच्या नोंदीत टोमॅटोची टोपली येते १५४८ मध्ये. बोत्तिचेल्ली १५१० मध्येच गेला. त्यानं आयुष्यात टोमॅटो पाहिला नाही. हे लक्षात ठेवा, आपल्या ठेच्यापाशी ते पुन्हा लागेल.

आता घरी येऊ. पुणे.

पुण्याच्या पेठांतून फेऱ्या निघतात आणि त्यातल्या काही चांगल्या आहेत, हे आधी मान्य करतो. तरुण मुलं अभ्यास करून बोलतात. शनिवारवाडा १७३० मध्ये बांधायला घेतला, १८२८ मध्ये आगीत गेला, हे नीट सांगतात. लाल महाल आताचा आहे, महापालिकेनं बांधलेला आहे, हे प्रामाणिकपणे सांगणारेही भेटलेत मला. पण साचा तोच. वाडा, देऊळ, वाडा, आणि मग मिसळ. किंवा मस्तानी. पुण्याच्या फेरीत जे खायला घालतात ते सगळं गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांतलं हॉटेलातलं खाणं आहे आणि जे दाखवतात ते सगळं पेशवाईतलं. दोघांची गाठ कुठेही पडत नाही. गाईड म्हणतो, ‘हे झालं पुण्याचं राजकारण, आता पुण्याची चव.’ अरे बाबा, चव हेच राजकारण आहे.

ते जिथे दिसतं ती जागा फेरीच्या वाटेवर आहे. सगळे तिथे फोटो काढतात. मंडई. मधे तो आठकोनी मनोरा, त्याच्या भोवती फाकलेल्या बाजू, विलायती धाटणी. पूर्वी भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या मैदानात भरायचा, तो इथे आणला. १८८६ मध्ये सुरू झाली तेव्हा तिचं नाव गव्हर्नरच्या नावावरून रे मार्केट. आणि आज नाव आहे महात्मा फुले मंडई. हे नामांतर आचार्य अत्रे नगरपालिकेत होते त्या काळातलं.

इथे बहुतेक गाईड थांबतात. इथेच सुरुवात व्हायला हवी. जोतीराव फुले १८७६ ते १८८२ पुणे नगरपालिकेचे सभासद होते. आणि या मंडईवर होणाऱ्या खर्चाला त्यांचा विरोध होता! एवढा पैसा इमारतीत घालण्यापेक्षा गरिबांच्या शिक्षणावर घाला, ही त्यांची बाजू. ज्या माणसानं जी इमारत नको म्हटलं, त्याचंच नाव त्या इमारतीवर. आता हा माणूस कोण? माळ्याचा. पेशव्यांना फुलं पुरवायची म्हणून घराण्याचं आडनाव फुले. भाजी पिकवणं आणि विकणं म्हणजे काय, हे नगरपालिकेतल्या कुठल्याही सभासदापेक्षा ज्याला जास्त कळत होतं तो म्हणतो, आधी शाळा. आणि त्याच काळात तो ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहितो, १८८३, ज्यात शेतकऱ्याच्या घरात काय शिजतं आणि काय शिजत नाही हेही येतं.

मग त्या मनोऱ्याखाली उभं राहून, समोर मेथीच्या जुड्या असताना, हे बोलायला काय हरकत आहे? फुल्यांना विरोध होता म्हणजे मंडई वाईट, असंही नाही. मंडई सुंदर आहे आणि उपयोगाची आहे. म्हणूनच तर प्रश्न जिवंत आहे. एक सुंदर इमारत आणि तिच्या विरोधात एक खरा मुद्दा, दोन्ही एकाच नावाखाली. समीक्षेला याहून चांगली जागा कुठली मिळणार? आणि याच माणसानं १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली तो भिडे वाडा मंडईपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर. तो २०२३ च्या डिसेंबरमध्ये पाडला, स्मारकासाठी. शाळा आणि मंडई, त्या वादाच्या दोन्ही बाजू पायाखाली आहेत. फेरी मात्र मिसळीकडे वळते.

मिसळीला माझा विरोध नाही. नोंद घ्यावी. (हशा)

दुसरी गोष्ट, पुण्याच्या फेरीत कुणाचं जेवण येतं? शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ २०१५ मध्ये आलं. मराठवाड्यातल्या महार-मांग समाजाच्या खाण्याबद्दलचं. शीर्षकातच सगळं सांगितलंय. आपण जेवताना अन्नाला पूर्णब्रह्म म्हणतो, आणि तो म्हणतो, बाबांनो, कुणाचं अन्न? फ्लोरेन्समध्ये गाडीवर लाम्प्रेदोत्तो मिळतो, गाईच्या चौथ्या पोटाचा, पावात घालून. एके काळचं हमालांचं, कष्टकऱ्यांचं खाणं, आणि तिथले गाईड आता पर्यटकाला अभिमानानं तिथे नेतात. आपल्याकडे वजडी तशीच चांगली करतात, पण आपल्या कुठल्या वारसा-फेरीत वजडी आहे? नाही. कारण आपण वारसा म्हणतो तेव्हा आधीच ठरवून टाकलेलं असतं की तो कुणाच्या घरातला. तुम्ही खा किंवा खाऊ नका, तो तुमचा प्रश्न. पण यादीतून काय गाळलं हे बघणं समीक्षकाचं काम आहे.

बरं. आता आपल्या जिल्ह्याकडे. इथे मी जरा जास्त वेळ घेणार.

आपल्याकडे वाटाड्याच्या तोंडी एक शब्द ठरलेला आहे: हेमाडपंती. आपल्या चिखली तालुक्यातलं साकेगावचं महादेवाचं देऊळ, हेमाडपंती. सातगाव भुसारी, हेमाडपंती. लोणार, हेमाडपंती. विषय संपला, चला गाडीत बसा. हेमाद्री पंडित हा देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र यादवांचा मंत्री, म्हणजे तेराव्या शतकाचा उत्तरार्ध. आणि अंबरनाथचं देऊळ, ज्याला लोक सर्रास हेमाडपंती म्हणतात, त्याचा शिलालेख १०६० चा. दोनशे वर्षं आधीचा. एका माणसानं एवढी देवळं बांधली नाहीत आणि बांधणं शक्यही नव्हतं. चुन्याशिवाय दगडावर दगड बसवायची ती पद्धत त्याच्या नावावर चढली, एवढंच.

पण गंमत बघा, याच हेमाडपंताच्या नावावर लोकांनी आणखी एक गोष्ट चढवली आहे. म्हणतात की बाजरी महाराष्ट्रात त्यानं आणली. मोडी लिपीसुद्धा त्यानंच, म्हणे लंकेतून. इतिहास म्हणून हे टिकत नाही. पण लोकांच्या मनात एकच माणूस देऊळही देतो आणि भाकरही देतो, ही कल्पना मला फार मोलाची वाटते. जे फ्लोरेन्सनं खांबातून गहू सोडून केलं ते आपल्या लोकांनी एका दंतकथेत केलं. आणि खरा हेमाद्री? त्याचा ‘चतुर्वर्गचिंतामणी’ हा प्रचंड ग्रंथ. त्यात व्रतखंड. कुठल्या व्रताला काय खायचं, काय सोडायचं, कुणाला काय दान द्यायचं. दंतकथेतला हेमाडपंत अन्न देतो, आणि खरा हेमाद्री अन्नाचे नियम लिहितो. हे दोन हेमाडपंत साकेगावच्या देवळापाशी शेजारीशेजारी उभे करून दाखवले, तर तो वाटाड्या मी मानीन. त्यासाठी खोटं बोलावं लागत नाही. फक्त ‘लोक असं सांगतात’ आणि ‘कागद असं सांगतो’ ही दोन वाक्यं वेगवेगळी म्हणायला शिकावं लागतं.

आता मेहकर. मेहकरला आपण जातो ते बालाजीच्या दर्शनाला. शार्ङ्गधर बालाजी, काळ्या पाषाणाची भव्य मूर्ती, १८८८ मध्ये जमिनीत सापडली. मूर्ती अप्रतिम आहे, तिच्याबद्दल बोलायला वेगळी संध्याकाळ लागेल. कंचनीच्या महालाची गोष्टही तुम्हाला माहीत आहे. तिथून लोणारच्या कमळजादेवीचा दिवा दिसावा म्हणून नर्तकीनं तो बांधला, वगैरे. पण मेहकरची जी गोष्ट कुणीच दाखवत नाही ती जुन्या इंपीरियल गॅझेटियरमध्ये आहे. मेहकरला मोमीन विणकर होते. धोतरं विणायचे. त्यांच्याकडे एवढा पैसा आला की त्यांनी गावाची तटबंदी आपल्या अंगावर घेतली. मोमिनांच्या वेशीवर तसा लेख होता, साल १४८८. गॅझेटियर छापलं त्या वेळी, म्हणजे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, ती वेस उभी होती.

१४८८. जरा त्या सालाकडे बघा. बहामनी राज्य मोडकळीला आलेलं, वऱ्हाडात इमादशाही अजून उभी राहायची. राजाचा पत्ता नाही अशा वेळी विणकर म्हणतात, गाव आम्ही राखतो. आणि त्याच शतकात तिकडे फ्लोरेन्सचे सावकार, कापडवाले, खाटीक आपापल्या पुतळ्यांचे करार करतायत. मी हे दोन्ही सारखे आहेत असं म्हणत नाही. तिकडे डोनातेलो होता, इकडे एक वेस आणि एक लेख. पण गाव राजानंच घडवलं पाहिजे असं नाही, सूत काढणारा आणि धोटा फेकणारा माणूसही ते घडवतो, ही गोष्ट दोन्हीकडे दगडात आहे. फ्लोरेन्सवाल्यांनी ती जगाला विकली. आपण ती आपल्या पोरांना सांगितलीसुद्धा नाही. आणि मोमीन कोण हे आठवलं, तर आजच्या दिवसांत ती सांगणं किती गरजेचं आहे हे वेगळं बोलायला नको.

पुढे पेंढाऱ्यांच्या धाडी आणि १८०३ च्या दुष्काळानं मेहकर ओस पडलं, असं तेच गॅझेटियर सांगतं. म्हणजे वेस विणकामातल्या पैशानं उभी राहते आणि गाव धान्य संपल्यानं पडतं. ज्याला ‘कला आणि अन्न’ म्हणायचं ते याहून वेगळं काय असतं?

मेहकरातच ती जुनी खांबांची इमारत आहे. कुणी धर्मशाळा म्हणतात, कुणी मठ. हेन्री कझेन्सनं १९३१ मध्ये छापून आलेल्या दख्खनच्या मध्ययुगीन देवळांवरच्या ग्रंथात आपल्या या भागाला, लोणार, मेहकर, सातगाव, साकेगाव यांना, चांगली जागा दिली आहे. धर्मशाळा धरली तर विचार करा, वाटसरूला उतरायला, दोन घास खायला एवढं कोरीव काम केलेली जागा! फेरीतलं जेवण कुठे असावं, तर हिच्या आसपास, बाहेरच्या बाजूला एखाद्या झाडाखाली. आत नाही, आत खरकटं करू नये. ज्वारीची भाकर, वांग्याचं भरीत, ठेचा. कुणा हॉटेलातून पार्सल नको. मेहकरातल्याच एखाद्या घरातून, रीतसर पैसे मोजून. ‘आमच्या गावच्या माउलींनी प्रेमानं करून दिलंय’ असं म्हणून बायकांच्या कष्टाचे पैसे बुडवायची आपली एक जुनी पद्धत आहे, ती इथे नको.

आणि ठेचा वाढताना टोमॅटोची आठवण ठेवा. मिरची अमेरिकेतली, पोर्तुगीजांबरोबर आलेली. ठेच्यातले शेंगदाणेसुद्धा अमेरिकेतलेच. यादवांच्या काळात कुणाच्या ताटात ठेचा नव्हता. कुणी म्हणेल, मग तुझा पुरावा गेला की! गेला नाही. पुरावा म्हणजे सगळं एकाच काळातलं असणं नव्हे. ज्वारी जुनी, ठेचा नवा, आणि दोन्ही आपलेच. बालाजीची मूर्ती जुनी, आज आपण जिथे तिचं दर्शन घेतो ते देऊळ त्यामानानं अलीकडचं, आणि भक्ती दोन्हींत सारखीच. हे ज्याला सांगता आलं त्याला ‘आमची पाच हजार वर्षांची परंपरा’ असं म्हणायची गरज पडत नाही.

मेहकरहून लोणार पंचवीसेक किलोमीटर. लोणारला सरोवर. पावणेदोन-एक किलोमीटर व्यासाचं, उल्केच्या आघातानं बसाल्ट खडकात झालेलं. २०२० मध्ये रामसर यादीत आलं, त्याच वर्षी पाणी गुलाबी झालं, टीव्हीवाले आले आणि गेले. गाईड सरोवर दाखवतो, लवणासुराची गोष्ट सांगतो, मग दैत्यसूदनाचं देऊळ. त्या देवळाचा तारकेसारखा दुमडत गेलेला तळ, भिंतीवरच्या मूर्ती, सभामंडपाच्या छतातली दैत्यवधाची शिल्पं. इथे गाईड पंधरा मिनिटं थांबतो, मिथुनशिल्पं आली की बायकांच्या घोळक्याला पुढे घेऊन जातो. (हशा) मग ‘चला जेवायला’.

लोणारचं नाव लवणावरून. ‘आईन-इ-अकबरी’त अबुल फझल लोणारचा उल्लेख करतो तो देवळासाठी नाही, तर तिथल्या खारापासून काच आणि साबण करायला लागणारा माल मिळतो म्हणून. सरोवराच्या काठावर साचणाऱ्या खाराचे प्रकार लोक नावानं ओळखायचे: दल्ला, खुप्पल, पापडी. आणि आपल्या घरात उडदाचे पापड करताना जो पापडखार घालतात, तो पूर्वी या काठावरून यायचा. आपल्या आजीच्या पापडाला जो कुरकुरीतपणा होता तो एका उल्केनं दिलेला होता, असं म्हटलं तर ते अलंकारिक नाही, रसायन आहे. लवणासुर मारला गेला ती गोष्ट छतात कोरली, आणि त्याच खाराचा पापड ताटात भाजून घेतला. पुन्हा भिंत आणि ताट. आणि इथे मला नेल्लीच्या त्या जेवणघराची आठवण येते. फक्त आपल्याकडे मधली भिंत पाडायला कुणी तयार नाही. गाईडला पापडखार माहीत नाही, आणि पापड लाटणाऱ्या बाईला कुणी छत दाखवलेलं नाही.

हे बोलून दाखवणं सोपं आहे, हे मलाही कळतं. एका दिवसात हे सगळं बसत नाही. साकेगाव, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा आणि वर शेगाव, असा जो ‘पॅकेज’ आपल्याकडचे गाडीवाले सांगतात त्यावर माझी सगळ्यात मोठी टीका हीच. सिंदखेडराजा मी या फेरीतून सरळ काढून टाकीन. जिजाऊंचं जन्मस्थान घाईत पाहायची जागा नव्हे. मोती तलाव, चांदणी तलाव, पुतळा बारव, लखुजीरावांची समाधी, त्याला स्वतःचा दिवस हवा. आणि तलाव आहेत म्हणजे तिथेही पाण्याची आणि पिकाची गोष्ट आहेच. शेगावही वेगळं. शेगावला फेरी काढायची तर तिची सुरुवात कचोरीनं होऊ नये, ती शेवटी. सुरुवात उष्ट्या पत्रावळींपासून करावी. १८७८ च्या माघात गजानन महाराज पहिल्यांदा लोकांना दिसले ते बाहेर फेकलेल्या पत्रावळींतली शितं वेचून खाताना, हे ‘गजानन विजय’ वाचणाऱ्या प्रत्येकाला पाठ आहे. आपल्या जिल्ह्यातलं सगळ्यात प्रसिद्ध जेवण हे उष्ट्याचं जेवण आहे. आणि त्या जागेच्या आसपास आज आपण काय खातो, काय टाकतो, हे एखाद्या गाईडनं शांतपणे दाखवलं, तर मला वाटतं कचोरीची चवही वेगळी लागेल.

म्हणजे एक दिवस, दोन जागा, फार तर तीन. मेहकर आणि लोणार. जाताना साकेगाव. दुपारी भाकर, संध्याकाळी लोणारला भाजलेला पापड. आणि गाईड कोण? माझ्या मनात तरी तो इथलाच असावा, महाविद्यालयातल्या इतिहासाच्या वर्गातला एखादा मुलगा किंवा मुलगी, आणि सोबत एक असं माणूस ज्यानं आयुष्यभर शेती केली किंवा पापड लाटले. दोघांनी मिळून बोलायचं. एकानं भिंतीबद्दल, दुसऱ्यानं ताटाबद्दल, आणि मग मधेच अदलाबदल करायची. अदलाबदल महत्त्वाची. शेतकऱ्यानं शिल्पातलं बैलाचं खूर बघून सांगावं की हे कोरणाऱ्यानं बैल पाहिला होता का नाही. ते कुठल्या पुस्तकात मिळत नाही.

एक शंका मघाशी चहाच्या वेळी कुणीतरी काढली, ती घेऊन थांबतो. की हे सगळं ऐकायला पर्यटक येईल कशाला, त्याला फोटो हवा असतो. खरं आहे. पण ही फेरी पहिल्यांदा पर्यटकासाठी काढायचीच नाही. ती चिखलीच्या लोकांसाठी काढायची. आपल्यापैकी साकेगावचं देऊळ कितीजणांनी आतून पाहिलंय? हात वर करा. ... बघा. आठ-दहा. आणि फ्लोरेन्सचा डेव्हिड फोटोत कितीजणांनी पाहिलाय ते विचारत नाही, सगळ्यांनीच पाहिला असणार. साकेगाव इथून फार लांब नाही. सकाळी लवकर जावं, ऊन तिरकं असताना कोरीव काम नीट दिसतं, आणि पाण्याची बाटली सोबत ठेवावी, परत येताना सोबतच आणावी.

आता प्रश्न असतील तर विचारा. माइक मागे पाठवा, मागच्या बाजूला एक ताई मघापासून हात वर करून बसल्या आहेत.